फक्त अंडी उकडायला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्यावा का?

आधी उत्तर सांगते, मग बाकीचं. दिवसाला दोनतीन अंडी लागत असतील तर त्यासाठी इलेक्ट्रिक प्रेशर कुकर अजिबात घेऊ नका, तो छोटा पारदर्शक झाकणवाला एग बॉयलर मिळतो ना, तो पुष्कळ झाला. पण घरात एकदम दहाबारा अंडी उकडायची वेळ सारखी येत असेल, आणि सोलताना निम्मं पांढरं टरफलाला चिकटून जातं म्हणून वैतागला असाल, तर ही वस्तू खरंच कामाची आहे. अंडं सोलण्याच्या बाबतीत याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकते, हा कुकर वेळ वाचवत नाही. जाहिरातीत पाच मिनिटं लिहिलेलं असतं, ती पाच मिनिटं म्हणजे प्रेशर आल्यानंतरची. त्याच्या आधी पाणी तापून प्रेशर यायला सहासात मिनिटं, नंतर वाफ जिरायला पाच, मग गार पाण्यात पाच, म्हणजे वीस-बावीस मिनिटं धरूनच चाला. गॅसवर पातेल्यात पण साधारण तेवढाच वेळ लागतो. फरक एवढाच की गॅसपाशी उभं राहावं लागतं, उकळी आली का बघा, आच कमी करा, घड्याळ बघा, तेवढ्यात दारावर दूधवाला येतो आणि अंडी राहतात तशीच खदखदत. इथे बटण दाबलं की तुम्ही आंघोळीला जाऊ शकता. सकाळी सातच्या गडबडीत ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे.

आमच्या घरात हा आला त्याचं कारण मात्र वेगळंच होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत, आणि ज्या कुकरमध्ये वरणभात होतो त्यात अंडी उकडलेली त्यांना चालत नाहीत. यात वाद घालण्यासारखं काही नाहीच, आयुष्यभराची सवय आहे, आणि उकडलेल्या अंड्याचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांना खरंच होत नाही. पण दुसरीकडे दोन मुलं वाढत्या वयाची, त्यातला मोठा फुटबॉल खेळतो, आणि बाबांना डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलेलं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं, एवढं सोपं आणि स्वस्त दुसरं काय आहे सांगा. मग तीन लिटरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर आणला आणि तो ठेवला ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. अंड्याचं सगळं तिकडे, ओटा आईंचा. ज्यांच्या घरी अंड्याची भांडी वेगळी असतात त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. श्रावणात तो धुवून पुसून माळ्यावर जातो.

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण तत्त्व सगळ्यांचं एकच आहे. आत स्टीलचं भांडं, त्याच्याखाली तापणारी प्लेट, झाकणाला आतून सिलिकॉनची रिंग, वर वाफ सोडायचा नॉब आणि एक छोटी पिन जी प्रेशर आलं की वर उचलली जाते आणि प्रेशर गेलं की टप्पकन खाली पडते. शिट्टी नाही, आणि शिट्ट्या मोजायची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस ते फार चुकल्यासारखं वाटतं. परदेशात हा प्रकार घराघरात नेला तो कॅनडातल्या इन्स्टंट पॉटने, 2010 मध्ये तो बाजारात आला, आणि तिकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या स्वयंपाकघरात तर तो आता वरणभातापासून सगळ्याला वापरतात. इकडे भारतात आता आपल्याकडच्या कंपन्यांचे पण मिळतात. तिकडून कोणी गिफ्ट आणणार असेल तर एक सांगून ठेवा, अमेरिकेतला 120 व्होल्टचा असतो, तो आपल्या 230 ला थेट लावायचा नाही म्हणजे नाही.

आता पद्धत. तिकडे पाच-पाच-पाच म्हणून जी प्रसिद्ध आहे तीच, पाच मिनिटं हाय प्रेशर, पाच मिनिटं तसंच ठेवायचं, पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात. पण ती त्यांच्या मोठ्या अंड्यांची आहे. अमेरिकेत लार्ज म्हणून जे विकतात ते सरासरी 57 ग्रॅमचं असतं, शिवाय ते फ्रीजमधून थेट काढलेलं. आपल्याकडे दुकानात मिळणारं अंडं बहुतेकदा पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि बाहेरच ठेवलेलं. त्यामुळे मी चार मिनिटं लावते. पाचला पण बिघडत नाही काही, पण चारला बलक पूर्ण शिजलेला असूनही मऊ राहतो, तोंडात चुन्यासारखा कोरडा लागत नाही आणि मुलं पाणी न पिता खातात. अंडी फ्रीजमधली असली तर मात्र पाचच.

पाणी एक कप, म्हणजे पाव लिटर. अंडी पाण्यात बुडवायची नाहीत, पाण्याच्या वर जाळीवर ठेवायची, ती वाफेवर शिजतात. आणि पाणी दर वेळी तेवढंच घाला हे मी आग्रहाने सांगते, कारण इथेच बऱ्याच जणांचं गणित बिघडतं. प्रेशर येईपर्यंतची जी सहासात मिनिटं आहेत ना त्यातल्या शेवटच्या दोनतीन मिनिटांत वाफ भरलेली असते आणि अंडं शिजायला लागलेलं असतं. पाणी दुप्पट घातलं की तापायला जास्त वेळ, म्हणजे अंडं वाफेत जास्त वेळ, मग तुम्ही म्हणणार काल चार मिनिटांत छान झाली होती आज का रबरासारखी झाली. कपाने मोजा, अंदाजाने ओतू नका.

अंडी किती आहेत याने मात्र चार मिनिटं बदलत नाहीत. चार असोत का बारा, प्रेशर आल्यावरचा वेळ तोच. जास्त अंडी असली की प्रेशर यायला थोडा वेळ जास्त लागतो, बास, ते कुकर आपलं आपण बघतो.

सोबत जी जाळी देतात ती अंड्यांसाठी फारशी बरी नाही, तारा लांब लांब आहेत, अंडी घरंगळतात, एकमेकांवर आपटतात. मी त्याऐवजी छोट्या इडली स्टँडच्या दोन ताटल्या वापरते, प्रत्येक खळग्यात एक अंडं मस्त बसतं, आणि स्टँड धरून सगळी एकदम उचलता येतात. इडली स्टँड आत मावत नसेल तर कडेला कान असलेली स्टीलची चाळण टाका. हे एकदम उचलता येणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर एकेक अंडं चिमट्याने काढेपर्यंत शेवटचं अंडं पहिल्यापेक्षा दोन मिनिटं जास्त शिजतं.

आता सगळ्यात खास गोष्ट, सोलणं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना अंडी सोलायला दिली, पहिल्या दिवशी त्यांनी एक घेतलं, जाड टोकाकडून टकटक केलं, हातात हलकं फिरवलं, आणि अंगठा घातला तर टरफल आतल्या पापुद्र्यासकट एका पट्टीत सुटून आलं, सबंधच्या सबंध. खाली पांढरं गुळगुळीत, कुठे खड्डा नाही. दुसरं तसंच, तिसरं तसंच. मावशी म्हणाल्या, ताई अंडी बदलली काय हो? म्हटलं नाही मावशी, अंडी त्याच दुकानातली, उकडली वेगळी. मग त्यांनी सगळी सोलून ताटलीत रचून ठेवली आणि वर म्हणाल्या, रश्श्यात टाकायला अशीच पाहिजेत, नाहीतर पाहुण्यांपुढे फाटलेली अंडी ठेवायला कसंतरीच होतं. अगदी खरंय ते. अंडा करीसाठी पंधरा अंडी सोलताना ज्याने निम्म्यांची चाळण झालेली बघितली आहे त्याला याची किंमत कळेल.

हे असं का होतं तेही सांगते कारण ते कळलं की तुम्हाला गॅसवर पण फायदा होईल. टरफलाच्या आत जो पातळ पडदा असतो त्याला पांढरं चिकटतं म्हणून अंडं नीट सोललं जात नाही. गार पाण्यात अंडी टाकून हळूहळू तापवलं की पांढऱ्याला त्या पडद्याला चिकटून बसायला भरपूर वेळ मिळतो. एकदम जोरात उष्णता लागली की पांढऱ्याचा बाहेरचा थर झटकन घट्ट होतो आणि पडद्यापासून सुटा राहतो. कुकरमध्ये अंडं पाण्याच्या वर कोरडं बसलेलं असतं, पाणी तापेपर्यंत त्याला फारसं काही होत नाही, आणि मग वाफ येते ती एकदम. प्रेशर आल्यावर आतलं तापमान 115 डिग्रीच्या पुढे जातं, उघड्या पातेल्यात तुम्ही कितीही उकळा शंभरच्या वर जायचं नाही, आणि इथे पुण्यात तर उंचीमुळे पाणी 98 लाच उकळतं. म्हणून पातेल्यात करणार असाल तर पाणी आधी खळखळ उकळू द्या आणि मग झाऱ्याने अंडी अलगद सोडा. कुकरइतकी नाही पण गार पाण्यापासून सुरू केलेल्यांपेक्षा नक्की चांगली सुटतात.

दुसरं कारण अंड्याचं वय. एकदम ताजं अंडं कशातही उकडा, ते त्रास देणारच. ताज्या अंड्याचं पांढरं कमी अल्कलाइन असतं, पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) आठच्या खाली, आणि तेव्हा ते पडद्याला घट्ट धरून असतं. दिवस जातात तसा टरफलाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पीएच नऊच्या वर जातो आणि पकड सैल होते. दुकानातल्या ट्रेमधली अंडी आपल्यापर्यंत येईपर्यंत तशीही काही दिवसांची झालेली असतात, त्यामुळे ती छान सोलली जातात. अडचण येते गावरान अंड्यांची. आमचं गाव जुन्नरकडे आहे, तिकडून कोणी आलं की भुशात घालून गावठी अंडी आणतं, काल-परवा घातलेली. चवीला त्यांना तोड नाही, बलक केशरी, पण सोलायला महाकठीण. कुकरमध्ये सुद्धा त्यातली दोनतीन फाटतातच. ती आठवडाभर ठेवून मग उकडा, किंवा आमलेट करा आणि मोकळे व्हा. आकाराने लहान असतात म्हणून त्यांना तीन मिनिटं पुरतात. किती जुनं आहे कळत नसेल तर ग्लासभर पाण्यात सोडून बघा, आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर उकडायला एकदम योग्य, तरंगलं तर टाकून द्या.

आता ज्या गोष्टी मला या कुकरच्या आवडत नाहीत त्या.

एक नंबर, कीप वॉर्म. शिजणं संपलं की कुकर आपोआप गरम ठेवायच्या मोडवर जातो. भाताला ठीक आहे, अंड्यांना घातक आहे. प्रेशर आत तसंच राहतं, उष्णता चालू राहते, आणि तुम्ही आंघोळ करून पूजा करून आलात की अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडी कड आलेली असते आणि वास सुटलेला असतो. ती कड म्हणजे अंडं खराब नव्हे, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा संयोग होऊन ती तयार होते, खायला काही अपाय नाही, पण दिसायला वाईट आणि मुलं डब्यातून परत आणतात. म्हणून सुरू करतानाच कीप वॉर्म बंद करा. काही स्वस्त मॉडेलमध्ये ते बंदच करता येत नाही, तसलं मॉडेल अंड्यांसाठी घेऊ नका, दुकानात उभं राहून हे बटण चालवून दाखवायला सांगा. (कोरियात सॉनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या असतात तिथे, तपकिरी झालेली अंडी विकतात, ती मुद्दाम तासन्‌तास तापवून केलेली असतात, पांढरं चक्क चहाच्या रंगाचं होतं. तो वेगळा पदार्थ आहे, आपल्याला डब्यात तो नको आहे.)

दुसरी गोष्ट वाफ सोडायची. चार मिनिटं झाली की लगेच नॉब फिरवून सगळी वाफ सोडायचा मोह होतो, तसं केलं तर दोनचार अंडी तडकतात. अंड्याच्या जाड टोकाला आत हवेची पिशवी असते, बाहेरचं प्रेशर एकदम गेलं की ती हवा आतून ढकलते. पाच मिनिटं थांबा, मग उरलेली वाफ सोडा. पाचच, जास्त नाही, पूर्ण जिरेपर्यंत वाट बघत बसलात तर परत तीच हिरवी कड. आणि नॉब फिरवताना हाताने नको, लांब चमच्याच्या दांड्याने, तोंड बाजूला ठेवून. ही वाफ फार जोरात येते. वर सनमायकाचं कपाट असेल तर कुकर आधी पुढे ओढा, रोजच्या वाफेने कपाटाचा तळ फुगतो. आमच्याकडे बाल्कनीत आहे म्हणून ही कटकट नाही.

हाफ बॉइल पाहिजे असेल तर दोन-अडीच मिनिटं लावून लगेच वाफ सोडतात, पण मी खरं सांगू का, त्यासाठी हा कुकर नाही. आत दिसत नाही, अर्ध्या मिनिटाने सगळं बदलतं, आणि बऱ्याच कुकरमध्ये अर्धं मिनिट लावताच येत नाही. हाफ बॉइल पातेल्यातच नीट जमतं. आणि लहान मुलं, गरोदर बाई, घरातली म्हातारी माणसं यांना पूर्ण शिजलेलंच द्या, साल्मोनेला नावाच्या जंतूंची भीती कच्च्या बलकात असते. उकडायच्या आधी अंडी धुवून घ्या, आपल्याकडच्या अंड्यांना कधी भुसा कधी घाण चिकटलेली असते, आणि त्याच पाण्याची वाफ सगळ्या कुकरभर फिरते.

साध्या गॅसच्या कुकरशी तुलना करायची तर, आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये प्रेशर जास्त असतं, साधारण 15 पीएसआय (प्रेशर मोजायचं माप), इलेक्ट्रिकमध्ये दहा ते बाराच्या आसपास. त्यामुळे गॅसवर एक शिट्टी झाली की आच बंद करायची आणि पाच मिनिटांनी वाफ काढायची, एवढ्यावर अंडी होतात आणि सोलली पण चांगली जातात, हे मी माहेरी कायम बघितलेलं आहे. मग इलेक्ट्रिक कशाला? तर शिट्टीचा भरवसा नसतो म्हणून. आच मोठी असली की शिट्टी लवकर, लहान असली की उशिरा, रिंग जुनी झाली की वाफ बाजूने जाते आणि शिट्टी होतच नाही, तोवर आत अंड्यांचा पार दगड. इलेक्ट्रिक कुकर दर वेळी तेच करतो, आज जशी झाली तशीच उद्या. ज्यांच्याकडे वेगळ्या अंड्यांच्या भांड्याचा प्रश्न नाही आणि घरात चांगला छोटा कुकर आहे त्यांनी आधी त्यातच करून बघा, पाचसहा हजार कशाला घालवता.

विजेचं म्हणाल तर काळजी करू नका. तीन लिटरचा कुकर 700 वॉटच्या आसपास असतो, आणि तो पूर्ण वेळ वीज खेचत नाही, प्रेशर आलं की मधून मधून चालू बंद होतो. एका वेळेला दहावा हिस्सा युनिट सुद्धा धड जात नाही. साध्या सहा अँपियरच्या प्लगवर चालतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर मात्र लावू नका. लाइट मध्येच गेली तर घाबरून झाकण उघडायला जाऊ नका, एक तर प्रेशर असेपर्यंत ते उघडत नाही, आणि प्रेशर आलेलं असेल तर आतल्या वाफेवर अंडी शिजत राहतात. पिन आपोआप खाली पडेपर्यंत ठेवा, बहुतेक वेळा अंडी झालेली असतात. प्रेशर यायच्या आधीच लाइट गेली तर परत पहिल्यापासून, पण मग एक मिनिट कमी लावा.

बर्फाचं पाणी चुकवू नका, हे शेवटचं काम आहे पण अर्धं यश त्यात आहे. गार पाण्यात टाकलं की शिजणं थांबतं आणि अंडं आत जरा आकसतं, टरफल सुटायला मदत होते. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं तेव्हा बर्फाचे दोन ट्रे रिकामे करावे लागतात, थंडीत नळाचं पाणी दोनदा बदललं तरी चालतं. सोललेली अंडी त्याच दिवशी संपवा. टरफलासकट फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर राहतात, मी रविवारी डझनभर उकडून ठेवते आणि गुरुवारपर्यंत डब्याला पुरवते, कधी नुसती मीठ-मिरपूड, कधी पोळीत कांदा-कोथिंबीर घालून रोल, कधी तिखट-मीठ लावून तव्यावर परतून. पण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या हवेत तर नाहीच नाही.

अजून एक प्रकार सांगते जो मला फार आवडला. अंड्यांचा चुराच करायचा असेल, सँडविचसाठी किंवा कबाबसाठी, तर सोलायच्या भानगडीत पडूच नका. स्टीलच्या पसरट डब्याला तेलाचा हात लावा, त्यात सहा अंडी फोडा, फेटायची नाहीत, डबा जाळीवर ठेवून पाच-सहा मिनिटं हाय प्रेशर. ढोकळ्यासारखी एक जाड चकती तयार होते, ताटलीत पालथी घाला आणि सुरीने बारीक चिरा, चव उकडलेल्या अंड्याची ती तीच. ताज्या गावरान अंड्यांना तर हा रामबाण उपाय आहे. सणासुदीला नाही पण मुलांच्या वाढदिवसाला सँडविचसाठी दीड डझन अंडी अशीच केली, एकसुद्धा सोलावं लागलं नाही.

भाव काय चाललाय त्यावर अंडी किती आणायची ते ठरतं, आमचा दुकानदार सकाळी एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, दर बघूनच फळ्यावर भाव लिहितो. ही संस्था 1982 पासून आहे, संडे हो या मंडे जाहिरातवाली तीच, आणि पुण्याशी तिचं नातं जुनं आहे. थंडीत भाव चढतात, उन्हाळ्यात आणि श्रावणात उतरतात. मी तीसचा ट्रे घेते तेव्हा अर्धी लगेच उकडायला नाही घेत, वरचं वयाचं कारण लक्षात ठेवून निम्मी आठवड्याने.

साफसफाई सोपी आहे. टाकीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, लिंबाची साल आणि थोडं पाणी टाकून दोन मिनिटं चालवलं की निघतो. खरी डोकेदुखी सिलिकॉनच्या रिंगची. ती वास धरून ठेवते, अंड्यांचा तर फारच. दर वेळी काढून धुवायची, झाकण बंद करून ठेवायचं नाही, उलटं ठेवायचं, रिंग उन्हात टाकायची. इतकं करूनही वास पूर्ण जात नाही, म्हणून या कुकरमध्ये खीर किंवा पुरणाची डाळ करायचा विचार असेल तर दुसरी रिंग हवीच.

आणि इथेच मला विक्रीनंतरच्या सर्व्हिसचा वाईट अनुभव आला. रिंग सैल पडली, बाजूने वाफ यायला लागली, पिन वर येईना. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे मॉडेल बंद झालंय, आठ दिवसांनी करा. आठ दिवसांनी दुसराच माणूस, त्याला काही माहीतच नाही. कुकर चालू वॉरंटीत आहे, बिल आहे, तरी एका साध्या रिंगसाठी महिना गेला, आणि शेवटी ती मिळाली बाजारात एका भांड्यांच्या दुकानात, त्या माणसाने जुनी रिंग हातात घेऊन मापली आणि तशीच काढून दिली. सहा हजारांची वस्तू एका रिंगवाचून बंद पडते हे मला पटत नाही, कंपन्यांनी याची लाज बाळगायला पाहिजे. म्हणून घ्यायला जाल तेव्हा फंक्शन किती आहेत, चौदा का अठरा, ते बघत बसू नका, अंड्यांसाठी एकच लागतं. दुकानदाराला विचारा की या मॉडेलची रिंग तुमच्याकडे आत्ता आहे का, दाखवा. असेल तर कुकरबरोबर दोन जास्तीच्या घ्या, एक अंड्याची आणि एक बाकी सगळ्याची, आणि अंड्याच्या रिंगला दोऱ्याची गाठ मारून ठेवा म्हणजे घरात कोणाच्याही हातून अदलाबदल होणार नाही.